पबातली संकष्टी

औरंगपुऱ्यातल्या अंबिकाबाईंची संकष्टी बत्तीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. त्या खाली नैवेद्याचं ताट वाढून बसायच्या, अनंतराव गच्चीवर जायचे आणि वरून हाक यायची, "ये गं, आला!" नवऱ्यानं लाडानं मारलेली हाक म्हणाल तर महिन्यातून तेवढीच. एरवी कचेरीतून निवृत्त झालेला हा माणूस घरातही हो-नाहीच्या पुढं जात नसे.

मुलानं, विश्वजितनं, सगळ्यांना गोव्याला नेलं. सोबत सुनेची आई, पिशोरच्या सुलेखाबाई. नेमकी संकष्टी आली. संध्याकाळी फेरीबोटीनं मंडळी दिवार बेटावरच्या पबात गेली. पत्र्याखाली गिटार वाजतेय, टेबलांच्या मधून माणसं नाचतायत, काजूच्या दारूचा वास नाकात बसलेला. अंबिकाबाईंनी नारळीच्या वरचं आभाळ दिसेल अशी खुर्ची धरली. पिशवीत मोदकांचा डबा, अर्घ्याला छोटा तांब्या.

"व्याहीबुवा, हात बांधून काय बसले? कचेरी हाय का ही?" सुलेखाबाईंनी लिंबूसोड्याचा ग्लास टेबलावर ठोकला. "धरा ठेका!"

आणि अनंतरावांनी चक्क टेबल वाजवायला घेतलं. आरतीला झांजसुद्धा न धरणारा माणूस!

"लई भारी! विहीणबाई, असा तबलजी घरात दडवून ठेवला व्हय?"

"मला तरी कुठं ठाऊक होतं," अंबिकाबाई म्हणाल्या. ते खरंच होतं, म्हणून जास्त झोंबलं.

झावळ्यांमागून चंद्र वर आला. त्यांना दिसला. त्यांनी मुद्दाम तिकडं पाठ केली. पोटात आग पडली होती, पण हाक आल्याशिवाय त्या उठणार नव्हत्या. एक गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. अनंतराव घामाघूम होऊन हसत होते. लग्नाच्या फोटोतही त्यांचे एवढे दात दिसले नव्हते.

शेवटी सुलेखाबाईंनीच त्यांचा हात टेबलावर दाबून धरला. "थांबा ओ! चंद्र कवाचा आलाय. विहीणबाई सकाळपासून उपाशी हाईत, बोलवा ना त्यांना!"

अनंतराव धडपडत उठले. "ये गं, आला!"

हाक तीच. पण दुसरीनं आठवण करून दिल्यावर आलेली. अंबिकाबाईंनी अर्घ्य दिलं, डोळे मिटून हात जोडले, डबा उघडला. पहिला मोदक दरवेळी नवऱ्याचा. आज त्यांनी तो सुलेखाबाईंच्या हातावर ठेवला.

"घ्या. आज तुमचा मान."

"अगंबाई, तूप लई छान हाय!" सुलेखाबाईंनी आनंदानं खाल्ला. त्यांना काही कळलं नाही. अनंतरावांना कळलं.

पुढच्या महिन्यात गच्चीवरून हाक आली, "ये गं, आला!"

"नक्की ना?" अंबिकाबाईंनी खालूनच विचारलं. "की पिशोरला फोन लावून खात्री करून घेता?"

 वर कठड्यावर बोटांचा ठेका ऐकू आला, हलका, भीतभीत.

अंबिकाबाईंनी ताट उचललं. घाई मात्र केली नाही. वाजवू देत अजून थोडं.