मशीन तापेपर्यंत

लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली की बाकीचे लोक हातात अक्षता घेऊन नवरा-नवरीकडे बघतात आणि मी विजेचं बटण कुठे आहे ते शोधतो. मी तिथे जेवायला आलेला पाहुणा आहे, माझा त्या बटणाशी काही संबंध नाही, हे कळतं. तरी नजर जातेच.

हे दुखणं सत्तर-एकाहत्तर सालचं. नगरला स्टेशनकडच्या रस्त्यावर माझ्या मित्राच्या मामूंचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं. दुपारी मामू जेवून आडवे झाले की आम्ही तिघं तिथे वाजवायला बसायचो. मामूंची झोप ट्रकच्या हॉर्ननं मोडत नसे, तर आमच्यानं काय मोडणार! मित्र ड्रमवर. ड्रम म्हणजे मोडीत निघालेल्या एका बँडपार्टीचा मोठा ढोल. तो जमिनीवर उभा करून त्यानं त्याला ट्रकच्या क्लचचं पेडल जोडलं होतं. पायानं ढोल, हातानं झांज आणि एक चपटा पत्र्याचा डबा.

दुसरे मास्तर. पन्नाशी उलटलेले, क्लॅरोनेट वाजवायचे. उभं आयुष्य दुसऱ्याच्या बँडमध्ये लाल कोट घालून काढलं आणि एक दिवस मालकाच्या अंगावर तो कोट फेकून आमच्याकडे आले. "मालक नको, कोट नको. आपलं आपुन वाजवायचं," एवढीच त्यांची अट. पण त्यांना येत होती ती सगळी गाणी त्यांच्या तरुणपणीची. आम्हाला पाय थिरकवणारं काहीतरी हवं होतं. महिनाभर भांडण झालं. शेवटी गाणी त्यांची आणि ठेका आमचा, असं ठरलं. त्या जुन्या, रडव्या चालींखाली मित्र असा काही सावकाश ठेका धरायचा, की गॅरेजमधला फिटर स्पॅनर हातात धरून डोलायला लागायचा.

तिसरा मी, गिटारवाला. कॅम्पातून बदली होऊन चाललेल्या एका फौजीकडून मी ती विजेवरची गिटार मनगटावरचं घड्याळ देऊन घेतली होती. मॅट्रिक झालो म्हणून वडिलांनी दिलेलं ते घड्याळ दुरुस्तीला टाकलंय, असं मी घरी सांगितलं होतं. वडील रोज विचारायचे, "काय, झालं का दुरुस्त?" लगेच पुढचा प्रश्न साखर कारखान्यातल्या नोकरीचा.

गिटारला आवाज येण्यासाठी लाऊडस्पीकरचं जुनं मशीन होतं, व्हॉल्व्हचं. बटण दाबलं की अर्धा मिनिट काहीच होत नसे. आतले व्हॉल्व्ह तापून लाल झाले की मग आवाज. मास्तरांना ते मशीन बघवत नसे. काष्टीच्या लग्नाची सुपारी आली तेव्हा ते मला म्हणाले, "पोरा, पैली ओळ तुझी. वाजली तर गिटार ऱ्हाईल. न्हाई वाजली तर गुमान गुंडाळून ठिवायची." म्हणजे मग मी आणि कारखाना.

काष्टीला मुहूर्त भर दुपारचा. शेजारच्या पिठाच्या गिरणीतून वायर ओढून आणली होती. मंगलाष्टकं सुरू झाली आणि माझं मशीन घूंऽऽ करत राहिलं. एक म्हातारे पाहुणे वळून वळून माझ्याकडे बघायला लागले. भटजींनीही डोळे वटारले. मी घाबरून बटण बंद केलं. मनात हिशेब पक्का होता: शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की बटण दाबायचं, टाळी पडेपर्यंत मशीन तापतंय.

पण शेवटचं कुठलं? नवरीच्या मामीनं घरी रचलेलं म्हटलं. मग आत्यानं. मग गावातल्या शाळेचे गुरुजी खिशातून चांगला लांब कागद काढून उभे राहिले. मुहूर्त टळतोय का ते बघायला मी मनगटाकडे पाहिलं, तर मनगट मोकळं. भटजींकडे मात्र घड्याळ होतं. त्यांनी गुरुजींना अर्ध्यावर तोडलं, शेवटचं संस्कृत भराभर उरकलं आणि 'सावधान'. मी बटणावर झडप घातली तोवर अंतरपाट खाली, टाळ्या सुरू, अक्षता डोक्यावर.

मी तारा छेडल्या. आवाज शून्य.

मित्रानं घाबरून ढोलावर नुसता ठेका धरला. मी मास्तरांकडे पाहिलं. क्लॅरोनेट त्यांच्या ओठाला लागलेलं होतं. त्यांनी फुंकलं असतं तर वेळ निभावली असती आणि माझं काम तिथेच संपलं असतं. ते फुंकेनात. डावा हात ढोलाकडे हलवत राहिले, चालू दे, चालू दे. पुढून वऱ्हाडी माना वळवायला लागले. मी मुक्या तारा छेडतच राहिलो. आणि मग ढोलाच्या खालून गिटार हळूहळू वर आली, आधी कुजबुज, मग भरून. तेव्हा कुठे मास्तरांनी फुंकलं.

नवऱ्या मुलाचा चुलता तरातरा आला. "काय वो मास्तर, मशीन बिघडलं हुतं काय?"

"बिघडतंय कशाला? आदी ढोल, मंग गिटार, मंग मी. आमची पद्धतच हाय तशी."

परतताना टेम्पोत मास्तर पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. आठ दिवस गॅरेजवर आले नाहीत. गिटार राहिली की गेली हे विचारायची माझी छाती झाली नाही. मी गिटारवर चादर घालून ठेवली आणि वडिलांनी आणलेला कारखान्याचा अर्ज भरून टाकला, फक्त सही बाकी ठेवली.

नवव्या दिवशी बेलापूरच्या लग्नासाठी मास्तरांचा निरोप आला: सगळं सामान घेऊन ये. 'सगळं' म्हणजे काय, यावर मी रात्रभर जागलो आणि गिटार घेऊन गेलो. या वेळी मशीन बंद करायचं नाही, भटजी शाप देवोत, ही शपथ घेतली होती. मंगलाष्टकं सुरू झाली. मशीन घूं करायला लागलं. मी हात मागे बांधून उभा राहिलो.

मास्तर वाकले आणि त्यांनी स्वतःच्या बोटानं बटण बंद केलं.

"पद्धत म्हंजे पद्धत," ते माझ्या कानात म्हणाले. "कवा लावायचं ते आता तुझं तू बघ."

गिटार राहिली म्हणून मला आनंद झाला, पण तो भोगायला वेळ नव्हता. मांडवात एक मामी घसा खाकरत उठत होती. मी बटणावर बोट ठेवलं आणि भटजींच्या मनगटावरच्या घड्याळावरून नजर काढली नाही.