पावलाचं माप

खड्डा मोजायला भीमण्णानं चप्पल हातात घेतली, तेव्हा शेतात उभी असलेली माणसं दोन पावलं मागं सरली. बोलणार तरी काय? समाधीचा खड्डा जाणाऱ्याच्याच पावलानं मोजायचा, ही त्यांच्या घराण्याची रीत. पण पाऊल होतं अमेरिकेत, कुठल्याशा लष्करी दवाखान्यात, गार पेटीत. ठाणाकुशनूरच्या शेतात होती ती भीमण्णाच्या पोराची, प्रशांतकुमारची जुनी चप्पल. मागच्या खेपेला आला तेव्हा आखाड्यावरच्या खोपीत विसरून गेला होता.

भीमण्णानं चप्पल जमिनीवर टेकवली, पुढं सरकवली, परत टेकवली. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि म्हणाला, "हं. खणा."

लिंगायताला आडवं निजवत नाहीत हो. मांडी घालून बसवतात. जन्मभर गळ्यात वागवलेलं इष्टलिंग तळहातावर ठेवतात, विभूती लावतात, बेल वाहतात, आणि माणूस पूजेला बसावा तसा बसल्या बसल्या मातीआड होतो. भीमण्णाचा आजा त्या शेतात असाच बसलाय, बापही बसलाय. बापाशेजारची जागा भीमण्णानं स्वतःसाठी धरून ठेवली होती. पोरगा आधी निघाला. द्यावी लागली जागा.

"सूनबाईला इचारलाव का?" बांधावर बसलेली त्याची बायको भागम्मा म्हणाली. दोन दिवस रडून तिचा आवाज पार बसला होता.

"त्यात काय इचारायचं? पोरगं घरी न्हाई येणार तर कुठं जाईल?"

इथंच चुकलं भीमण्णाचं. पण ही चूक त्याची एकट्याची म्हणायची का? आपल्याकडं मेलेल्या माणसाचं घर कुठलं, हे कोण कुणाला विचारतं? जिथं बाप बसलाय तिथं लेक. संपलं.

आता भीमण्णा कोण, ते सांगायला पाहिजे. सीमेवरच्या कमलनगरला बसस्टँडसमोर त्याचं कापडाचं दुकान आहे. लुगडी, धोतरं, लग्नाचा आहेर, शाळेच्या गणवेशाचं कापड. गिऱ्हाईक पायरीवर चढेपर्यंत कोणत्या भाषेत बोलायचं हे त्याचं ठरलेलं असतं. मराठी, कन्नड, दखनी. औरादकडची बाई आली तर मोडकंतोडकं तेलुगूसुद्धा. आणि एवढ्या भाषा येऊन माणूस कुठलाच नाही! उदगीरला माल आणायला गेला की व्यापारी म्हणणार, "या कर्नाटकवाले." बीदरला कचेरीत गेला की साहेब म्हणणार, "तुम्ही मराठी लोक." सत्तरीला टेकला तरी हे चाललंच आहे. पहिल्यांदा तो भांडायचा. मग हसायचा. आता नुसता मान हलवतो. दमला माणूस.

बापाची गोष्ट आणखी वेगळी. तो निजामाच्या राज्यात जन्मला, सरहद्दीवरच्या कॅम्पात जाऊन त्याच निजामाविरुद्ध लढला आणि मांडीत गोळी घेऊन लंगडत घरी आला. पुढं त्याचं शेत आधी हैदराबादेत, मग म्हैसुरात, मग कर्नाटकात गेलं. "म्या जागचा हाललो न्हाई," म्हातारा म्हणायचा, "मुलूखच बुडाखालून सरकला की रे!" तहसीलला झेंडावंदनाला त्याला खुर्ची मिळायची, गळ्यात हार पडायचा. घरी आला की हार म्हशीच्या शिंगाला अडकवायचा आणि पाय दाबून घ्यायचा.

त्याचा नातू प्रशांतकुमार. हुशार पोरगा. शिकायला अमेरिकेत गेला, तिथंच नोकरीला लागला. आळंदची शैलश्री बायको करून नेली. मुलगी झाली, तिचं नाव आजीच्या आईवरून मल्लेश्वरी ठेवलं. सगळं बरं चाललेलं, आणि एक दिवस फोनवर म्हणतो, "अप्पा, मी इथल्या फौजेत जायलोय."

भीमण्णाच्या हातातली कात्री खाली पडली. "कामून? दुसऱ्याच्या लढाया तू कामून लढायलास?"

"दुसऱ्याच्या कशा? हा देशच लढून झालाय अप्पा. आधी राजाशी लढले, मोकळे झाले. मग गुलामांपायी आपसांत लढले, भावानं भावाला मारलं. बाहेरून आलेली माणसं प्रत्येक लढाईत व्हती. लढले, शपथ घेतली, की झाले इथले. कुळ इचारत न्हाईत."

"झाले म्हणायलास. पर मानतेत का?"

"काही मानतेत. काही न्हाई."

"मग हितल्यावानीच की रे!"

दोघं हसले. हसण्यानं राग निम्मा होतो, निम्मा पोटात राहतो. भीमण्णाचा राहिला. पुढं प्रशांतनं त्यांच्या नागरिकत्वाची शपथ घेतली, तेव्हा मजेनं सांगत होता, "अप्पा, परदेशचा राजा, राज्य, सगळ्याची निष्ठा सोडली म्हणून हात वर करून म्हणावं लागतं. मी म्हणलो मनात, आमचा राजा तर आमच्या आजानंच सोडलाय!"

"आन लिंग कुठं व्हतं तवा?"

"छातीवर. कुठं जाईल? वर्दीच्या आत, त्यांच्या बिल्ल्याशेजारी."

तेवढ्यावर भीमण्णा निवला. छातीवर लिंग आहे ना, मग पोरगा आपला आहे. वरून कुठला का शर्ट घालेना.

आणि मेला कसा, तर लढाईत नव्हे. कुठं शत्रू नाही, गोळी नाही. सरावाच्या मैदानात गाडी उलटली. आजा गोळी खाऊन जगला आणि नातू गाडीखाली सापडला. याला काय म्हणायचं? भीमण्णानं काही म्हटलंच नाही. त्यानं चप्पल शोधली.

खड्डा झाला, आत बसायचा कोनाडा कोरून झाला, आणि संध्याकाळी शैलश्रीचा फोन आला. भीमण्णा म्हणाला, "पोरी, हितं सगळी तयारी हाय. इमान कवा येतंय तेवढं सांग."

"अप्पा," ती म्हणाली. पुढचं एका दमात सांगून टाकलं, "त्यांना इथंच ठेवणाराय. फौजेच्या स्मशानात. ते मागंच बोलून गेले होते. मला काही झालं तर मल्लूला भेटायला येता येईल अशा जागी ठेव म्हणाले होते."

"म्हणजे? माझ्या पोराला तिथं आडवं घालणार?"

"अप्पा..."

"पेटीत? खिळे मारून? अगं, तू कोणाची लेक हाईस, आळंदच्या बसवेश शेटजीची ना? तुला कळत न्हाई?"

फोन ठेवल्यावर भागम्मा म्हणाली, "तिचा नवरा गेलाय ओ." बस्स, एवढंच म्हणाली. भीमण्णा भिंतीकडं तोंड करून बसला. लाज वाटली त्याला, पण राग काही उतरेना.

दुसऱ्या दिवशी त्यानंच फोन लावला. आता मागणं एक पायरी खाली आलं होतं. "बरं. तिथंच ठेवा. पर बसवून ठेवा म्हण की त्यांना. एवढी मोठी फौज, एवढं जमंना?" शैलश्रीनं विचारलं. माणसं चांगली होती, त्यांनी वर विचारलं, आणि नाही म्हणून सांगितलं. पेटी ठरलेल्या मापाची, जागा ठरलेल्या मापाची. तिथं सगळ्यांना एकच माप. भीमण्णा नुसतं "बरं" म्हणाला.

आणि शेवटी, अगदी आवाज उतरवून म्हणाला, "लिंग तरी हातात दे पोरी. बाकी काही मागत न्हाई मी. हातात लिंग असलं की आडवा काय, उभा काय... जाईल नीट. दिशील ना?"

"देते अप्पा."

"तुझ्या हातानं दे."

"माझ्याच हातानं देते."

अंत्यविधी त्यांनी मोबाइलवर पाहिला. दुकानाचं शटर अर्धं ओढून भीमण्णा, भागम्मा, शेजारचा चपलांचा दुकानदार अण्णाराव आणि मठाचे गुरुलिंग स्वामी, असे चौघं गाद्यांवर बसले होते. इथं दिवेलागण झालेली, तिथं सकाळ. हिरवंगार गवत, आणि त्यात पांढऱ्या दगडांच्या रांगा, लांबच लांब. पेटीवर झेंडा पसरलेला. पेटी आधीच बंद.

"हातात दिलंस ना?" भीमण्णानं मोबाइलमध्ये शैलश्रीला विचारलं.

"दिलं अप्पा. तळहातावर ठेवून मूठ मिटली."

गुरुलिंग स्वामींनी इकडं मंत्र म्हटला. तिकडं बंदुकांचे बार झाले, भागम्मा दचकली. मग पांढरे हातमोजे घातलेल्या शिपायांनी झेंडा उचलला आणि घडी घालायला लागले. लांबीत एक, परत एक, मग कोपऱ्यावरून तिरकी, तिरकीवर तिरकी. जन्मभर कापडाच्या घड्या घातलेला भीमण्णा पुढं सरकून बघायला लागला. कुठं सुरकुती नाही, कुठं टोक बाहेर नाही. शेवटाला हातात मावेल एवढी त्रिकोणी घडी राहिली. "चांगली घालतेत," तो पुटपुटला, आणि आपण पोराच्या मातीला बसून घडी बघत होतो हे ध्यानात आलं तेव्हा हमसून हमसून रडला. अण्णारावानं शटर पूर्ण ओढलं.

एका अधिकाऱ्यानं शैलश्रीपुढं गुडघा टेकून ती घडी तिच्या हातात दिली आणि काहीतरी बोलला. देश तुमचा ऋणी आहे, असं काहीसं, अण्णारावानं समजावून सांगितलं. "कंचा देश?" असं भीमण्णाच्या तोंडावर आलं होतं. पण दमला होता. राहू दिलं.

उरला खड्डा. गावात कुजबुज सुरू झाली. खणलेला खड्डा मोकळा ठेवू नये, माणूस मागतो म्हणतात. बुजवून टाका, म्हणाले लोक. भीमण्णानं बुजवला नाही. शहाबादी फरशा आणून वर झाकल्या आणि कडेनं माती दाबली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. दुकानात बसायचा, गिऱ्हाईक आलं तर कापड फाडायचा. रविवारी शेतात जाऊन फरशांवरची धूळ झटकून यायचा. भागम्मा विचारायची, "काय करून आलाव?" तो म्हणायचा, "काही न्हाई."

दिवाळीनंतर शैलश्री मुलीला घेऊन आली. वाळून गेली होती पार. गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली. जेवणं झाल्यावर तिनं पिशवीतून झेंड्याची घडी काढली आणि सासऱ्याच्या मांडीवर ठेवली. भीमण्णानं सवयीनं कापड चिमटीत धरलं. "सुती हाय," तो म्हणाला. "उलगडू नगा कुणी. मला परत अशी घालता येणार न्हाई."

मग तिनं रुमालाची एक पुरचुंडी काढली. गाठ सोडली. आत चांदीचा डबीसारखा चौका, काळपटलेला, एका कडेला चेपलेला. प्रशांतचं इष्टलिंग.

भागम्माच्या तोंडून "अगंबाई" एवढंच निघालं.

"हे हितं कसं?" भीमण्णाचा आवाज फाटला. "तू म्हणलीस हातात दिलं. तू मला म्हणलीस, मूठ मिटली!"

"मिटली अप्पा. बसवण्णाची आण. खोटं न्हाई बोलले. अपघातानंतर त्यांच्या अंगावरच्या सगळ्या वस्तू चौकशीला ठेवून घेतल्या होत्या. मी पाया पडले, रडले. मिळतील म्हणाले, पर मातीच्या आधी न्हाई. पेटी बंद करायची वेळ झाली. तुम्हाला शब्द दिलेला. मग मी..." तिनं ओढणी सोडली. गळा रिकामा होता. "माझं दिलं."

लहानपणी दीक्षा देताना जंगमानं बांधलेलं, बाळंतपणातसुद्धा अंगावरून न उतरवलेलं लिंग. ते तिनं परमुलखात, बिनओळखीच्या माणसांपुढं काढलं आणि नवऱ्याच्या थंड मुठीत ठेवलं. आणि त्या दिवसापासून रिकाम्या गळ्यानं राहिली. कुणाला बोलली नाही. बोलणार कुणाला? सासरा फोनवर आडवं घालणार का म्हणून ओरडणारा!

सकाळी सगळे शेतात गेले. गड्यांनी फरशा बाजूला केल्या. गुरुलिंग स्वामींनी भस्माचं ताट आणलं होतं, बेल आणला होता. म्हणाले, "भीमण्णा, ज्याचं लिंग त्याच्या जाग्यावर. लिंग बसवा, माती लोटा. पोरगा घरी आला असं समजा. सूनबाईला मी दुसरं लिंग देतो."

भीमण्णा खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला. एवढे महिने जागा कशासाठी झाकून ठेवली, ते आता समोर आलं होतं. लेकाचं लिंग हातात होतं. खाली कोनाडा तयार होता, त्याच्याच पावलाच्या मापानं केलेला. एवढंच तर पाहिजे होतं त्याला! त्यानं हात पुढं केला. पण समोर शैलश्री उभी होती, थंडीनं की कशानं, गळ्यावर हात धरून.

तो गुडघ्यावर हात टेकत उठला. "हिकडं ये पोरी."

ती आली. त्यानं चौक्याचा दोरा तिच्या डोक्यावरून घातला, आणि चेपलेली कड आत वळवून नीट बसवला, दुकानात एखाद्या लेकराच्या गणवेशाचं माप बघावं तसा.

"भीमण्णा, असं चालत न्हाई," स्वामी हळूच म्हणाले.

"चालत नसंल स्वामी. तिचं त्याच्या हातात हाय. त्याचं हिच्या गळ्यात ऱ्हाऊ द्या. पाया पडतो, आता आणि एकदा न्हाई म्हणू नगा. लई 'न्हाई' ऐकलं औंदा."

स्वामी ताट घेऊन पुढं आले. मग ताटातलं भस्म घेऊन त्यांनी तिच्या कपाळाला लावलं. शैलश्री सासऱ्याच्या पायावर वाकली ती लवकर उठेना, भागम्मानं तिला उठवून पोटाशी धरलं.

गडी फावडं घेऊन उभे होते. "मालक, मग खड्डा बुजवू का?"

"नगं," भीमण्णा म्हणाला. "फरशा ठेवा परत."

"पर माप तर प्रशांतअण्णाचं हाय."

भीमण्णानं खड्ड्याकडं पाहिलं, मग आपल्या पायाकडं.

"त्याच्यापरीस माझं पाऊल बारकं हाय. ऐसपैस बसतो की मी."