कुंपणापलीकडचं क्रियापद
शेजारच्या सर्बियन आजींनी मिरच्या सुकत घातल्या की त्या वासाने ती दुपार आठवते. इथे परदेशात, क्लेटनच्या युनीत, म्हणजे विद्यापीठात शिकवताना मी फळ्यावर ‘सुशिती’ या प्राचीन स्लाव्हिक क्रियापदाची वंशावळ काढली होती. आपल्या ‘सुकणे’शी लांबचं नातं, खाली रशियन, पोलिश, सर्बियन लेकरं. वर्गात कुणी मान वर केली नाही. ट्रेन बदलत टार्निटला घरी पोचलो, तर पुण्याहून आलेली आई कुरडयांचं ताट घेऊन कुंपणाशी उभी. आजी एक कुरडई चाचपून म्हणाल्या, “सुशी से.” आई म्हणाली, “हो, सुकतायत अजून.” मी समजावायला तोंड उघडलं. “राहू दे, दमलायस,” आई म्हणाली, “आमचं चाललंय.” आता आई नाही. आजी अजून कुंपणाशी येतात. मला त्या क्रियापदाच्या सात पिढ्या पाठ आहेत, बोलायला मात्र काही सुचत नाही.