विचारायचं म्हणून विचारलं

माझी लेक वकील आहे आणि युनिव्हर्सिटीत शिकवतेही. कोणत्या कायद्याची वकील, असं लंडनच्या हाउन्सलोतल्या बायका विचारायच्या, तेव्हा मी इंग्रजीचं मराठी करून सांगायचे, "सार्वजनिक कायद्याची." मग काय, सार्वजनिक म्हणजे सगळ्यांची आणि सगळ्यांची म्हणजे फुकट. ती रविवारी मेडनहेडहून मला भेटायला आली की बाहेरच्या खोलीत माणसं बसलेली असायची. एकीच्या शेजाऱ्याने कुंपण आत सरकवलं होतं. एका गृहस्थांना सुनेशी बोलणं कायदेशीररीत्या बंद करायचं होतं.

"काका, माझं काम फक्त सरकार आणि कौन्सिलच्या केसेस," लेक म्हणाली.

"मग बरोबरच आहे की," काका म्हणाले. "सूनबाई कौन्सिलमध्येच आहे."

मी चौथीपर्यंत शिकले. लेकीचं काम काय ते समजायला मला फार वर्षं लागली, आणि समजल्यावर वाटलं, यासाठी एवढं शिकलीस? कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, काही ठरवलं की त्याविरुद्ध कोर्टात जायचं. पण ठरवलेलं चांगलं की वाईट, हे कोर्ट बघत नाही. ठरवताना पद्धत पाळली का, एवढंच बघतं. पद्धत चुकली असेल तर कौन्सिलने घरी जाऊन तेच काम पुन्हा, नीट करायचं. वकिलांचं बरं आहे, दोन्ही वेळा काम मिळतं. या पद्धतीवर तिने एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याची एक प्रत माझ्याकडे आहे. मी ती वाचलेली नाही. इंग्रजी मला बोलता येतं, वाचायला लागले की डोकं दुखतं.

तिचं मराठी इथे जन्मलेल्या पोरांसारखंच. बाईला 'तो', पुरुषाला 'ती'. एकदा फोनवर म्हणाली, "आई, आज माझा केस खूप लांबला."

"काप मग," मी म्हणाले.

तसं बघितलं तर कोर्टात तिच्या डोक्यावर घोड्याचे केस असतात. ते एका डब्यात ठेवते आणि धूत नाही. जेवढा जुना आणि मळका टोप, तेवढी वकील जुनी, म्हणे. मी धुऊन देते म्हटलं तर किंचाळली.

आता माझ्या मैत्रिणीचं सांगते. आम्ही दोघी विमानतळाजवळच्या किचनमध्ये विमानाच्या जेवणाचे ट्रे भरायचो. काम सुटल्यावर ती मुलाकडे इंग्लंडच्या उत्तरेत राहायला गेली. गावाचं नाव लिहीत नाही. मुलगा आणि सून दिवसभर कामावर, घरात हीटिंग बंद. पण तिथे कौन्सिलचा एक हॉल होता. त्याला मोठं स्वयंपाकघर होतं, आणि सोमवार ते शुक्रवार म्हाताऱ्या बाया तिथे स्वतः रांधून जेवायच्या. भांडायच्या, पत्ते खेळायच्या, तीन वाजता घरी. मैत्रिणीचं सगळं जगणं त्या हॉलमध्ये होतं. घरी ती नुसती झोपायला जायची.

कौन्सिलने तो हॉल बंद करायचं ठरवलं. मैत्रिणीचा फोन आला.

"अगं, तुझ्या लेकीला सांग. ती सार्वजनिक ना?"

मी लेकीला फोन केला. हॉलचं नाव ऐकताच ती म्हणाली, "आई, पुढे काही सांगू नकोस. मी कौन्सिलकडून आहे."

"म्हणजे?"

"त्यांनी आधी विचारलं. आमचा नियम आहे. जो आधी येईल आणि काम माझ्या विषयातलं असेल, त्याला नाही म्हणता येत नाही. टॅक्सीच्या रांगेसारखं, कॅब रँक. त्याचं नावच टॅक्सीवरून आहे."

हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. तिच्या वडिलांनी विमानतळावर काळी टॅक्सी चालवली. पुढच्या टॅक्सीने येईल ते गिऱ्हाईक घ्यायचं, हा नियम. गिऱ्हाईक जवळच्या जवळ जाणारं निघालं की ते टायर बघायला खाली उतरायचे.

"मग टायर पंक्चर आहे म्हण," मी म्हणाले.

"आई!"

बायांनी दुसरा वकील गाठला. तरी लेकीने एक काम केलं. ऑफिसला कळवलं की समोरच्या बाजूला माझी आँटी आहे. ऑफिसात धावपळ झाली. साहेबांनी विचारलं, आँटी म्हणजे आईची बहीण की वडिलांची? ती म्हणाली, कुणाचीच नाही. मग आँटी कशी? आम्ही सगळ्यांनाच आँटी म्हणतो. सगळ्यांना म्हणजे किती जणींना? शेवटी समोरच्या वकिलांनाही विचारलं, आणि ठरलं की ही आँटी आहे पण नातेवाईक नाही, सबब हरकत नाही. मैत्रिणीला हे कळलं तेव्हा ती हॉल विसरून यावरच रागावली. "नातेवाईक नाही? तिची शी मी धुतलीय!"

कोर्टाच्या दिवशी बायांनी लंडनला यायला बस ठरवली. दारावरच्या मशीनमध्ये स्टीलचे डबे गेले आणि एकेक उघडून दाखवावा लागला. पहारेकरी शेवटी म्हणाला, जा, पण आत खाऊ नका. मी मैत्रिणीशेजारी मागच्या बाकावर बसले. पुढे माझी लेक, मळका टोप घालून, आमच्याकडे पाठ करून.

बायांच्या वकिलाचं म्हणणं सोपं होतं. कौन्सिलने लोकांना मत विचारलं खरं, पण त्याच्या आधीच स्वयंपाकघरातली गॅसची शेगडी काढून नेली होती. ठरवून झाल्यावर विचारणं हे विचारणं नव्हे. मग त्याने एक जाड पुस्तक वर केलं. मी ओळखलं, कारण तसलंच माझ्याकडे दाराला लावलेलं असतं, वाऱ्याने आपटू नये म्हणून.

त्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. लेखिका लिहितात, की त्या लहान असताना घरात रोज संध्याकाळी विचारलं जाई, आज भेंडी करू की गवार? मूल गवार म्हणे. पण मूल स्वयंपाकघरात जाऊन बघे, तर भेंडी आधीच कापून ताटात पडलेली असे. लोकांचं मत घेण्याची ही बेकायदेशीर पद्धत होय.

मैत्रीण माझ्याकडे वळली. "अगं, ही तू!"

"गप बस."

जज बाईंनी विचारलं, "भेंडी म्हणजे काय?" वकिलाने सांगितलं, ओक्रा. जज बाईंनी लिहून घेतलं. माझी भेंडी सरकारदरबारी नोंदली गेली. आणि भेंडी आधी कापावीच लागते, धुऊन, पुसून, कोरडी करून. पोरीच्या मताची वाट बघत बसले असते तर ती चिकट झाली असती. हे पुस्तकात कुठे आहे?

मग माझी लेक उठली. तिला स्वतःच्याच पुस्तकाविरुद्ध बोलायचं होतं. ती म्हणाली, लेखिकेच्या मताचा मला आदर आहे, पण लेखिकेने हे उदाहरण जरा घाईत दिलं असावं. जज बाई म्हणाल्या, "लेखिका इथेच आहेत ना?" लेक म्हणाली, हो, माय लेडी, पण आज त्या लेखिका म्हणून आलेल्या नाहीत. कुणी हसलं नाही. इकडे असंच असतं.

पुढे म्हणाली, भाजी कापलेली असली तरी त्या घरातल्या बाईचं मन मोकळं होतं. मुलाने पटण्यासारखं कारण दिलं असतं, तर तिने भेंडी बाजूला ठेवून गवार केली असती.

"शक्यच नाही," मी म्हणाले.

मला वाटलं मी हळू बोलले. काळ्या झग्यातला एक माणूस येऊन मला म्हणाला, मॅडम, प्लीज. पुढे लेकीची मान टोपाखाली लाल झालेली दिसली. जज बाईंना मराठी समजत नव्हतं, पण माझ्याकडे बघून त्यांनी काहीतरी लिहिलं. काय, ते देव जाणे.

काही आठवड्यांनी निकाल लागला. कौन्सिल हरलं. आमच्या बाया जिंकल्या, हॉलमध्ये शिरा झाला, तोही विजेच्या शेगडीवर. निकालात भेंडीचं उदाहरण तसंच्या तसं आलं होतं. हरलेली माझी लेक खूश होती. कुणी विचारलं तर म्हणायची, वकील म्हणून हरले, पण पुस्तक जिंकलं. पुढच्या आवृत्तीत हा निकाल येणार होता. युनिव्हर्सिटीने त्यावर तिचं भाषणही ठेवलं.

मग कौन्सिलने पुन्हा विचारलं. या वेळी मात्र पद्धतशीर. शेगडी परत आणून बसवली. मोठ्या अक्षरांचे कागद छापले. सभेला चहा-बिस्किटं, आणि मराठी बायांसाठी एक दुभाषी, तो गुजराती निघाला. तीन अधिकारी बायका समोर बसून मान हलवत सगळं ऐकत होत्या. एकूणएक जण म्हणाले, बंद करू नका. कौन्सिलचं पत्र आलं, आपल्या मतांबद्दल मनापासून आभार, आम्ही प्रत्येक मताचा विचार केला. आणि हॉल बंद केला.

मैत्रीण माझ्याकडे राहायला आली होती तेव्हा रविवारी लेकही आली. मैत्रिणीने तिला पत्र दाखवलं.

"आता पुन्हा केस करू या. या वेळी तू आमच्याकडून ये. बघ, आम्ही आधी विचारतोय."

लेकीने पत्र दोनदा वाचलं. "मावशी, आता केस होणार नाही. या वेळी त्यांनी सगळं बरोबर केलंय."

"सगळं?"

"हो. एकदम प्रॉपर."

"विचारलं, ऐकलं, आणि बंद केलं, हे बरोबर?"

"कायद्याने बरोबर."

"बरं," मैत्रीण म्हणाली. "मग सोमवारी आम्ही जायचं कुठे?"

लेकीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी उठून ताटं घेतली. हा प्रश्न तिच्या विषयात येत नाही.