खेकडीच्या गोष्टीतला हुंकार

कडावात कोणालाही विचारा, धनेश काय काम करतो, तर माणूस आधी हसतो आणि मग सांगतो, "ससं चालवतो." हे खोटं नाही. गेली पाच-सहा वर्षं धनेश घराच्या माळ्यावर संगणकापुढे बसून ससे, हत्ती, डोळे असलेली बस आणि नाचणारी केळी चालवत आला आहे. परदेशातल्या पोरांसाठी कुणीतरी बडबडगीतं बनवतं. त्यांच्या चित्रांचं काम मुंबईत कुणाकडे तरी येतं आणि तिथून तुकड्यातुकड्यानं या माळ्यावर. एका सेकंदात चोवीस चित्रं डोळ्यांपुढून जातात. ससा एक पाऊल टाकतो तेव्हा धनेशनं त्याला बारा वेळा हलवलेलं असतं. खाली गोठ्यात चार म्हशी रवंथ करतात आणि वर ससा अर्धा पाय उचलून दिवसभर ताटकळतो.

"चालला का रं ससा?" दुधाच्या किटल्या घेऊन निघताना आबा, म्हणजे धनेशचा बाप, जिन्याखालून विचारतो.

"कान राहिलेत, आबा."

"आमच्या वक्ताला कानासकट आपला आपला पळायचा."

धनेश हसतो आणि कान हलवायला घेतो. हाताला कसब आहे त्याच्या. शाळेत असताना वहीच्या कोपऱ्यात पानापानावर माणूस काढायचा आणि पानं फरफर सोडून त्याला पळवायचा. पुढे कल्याणला क्लास केला, मुंबईत एका स्टुडिओत नऊ वर्षं काढली. टाळेबंदीत तो स्टुडिओ बसला, तसा संगणक गोधडीत गुंडाळून टेंपोनं कडावात घेऊन आला. मोठ्या स्टुडिओत एकेका कामाला एकेक माणूस असतो. धनेश एकटा. मग त्यानं इंटरनेटवरचे फुकटातले गडी धरले. एक वेबसाइट चित्रामागची पार्श्वभूमी कापून देते, दुसरी जडशीळ फाइल दाबून हलकी करते, तिसरी आवाज धुऊन देते. पगार नाही, ओळख नाही, चेहरा नाही. काम टाकलं की गोल फिरतं आणि करून मिळतं. या गड्यांवर धनेशचा संसार चालला होता.

पण ससे पोटासाठी. मनासाठी त्यानं एक वेगळंच काम धरलं होतं, आणि ते त्याला वरच्या ठाकरवाडीत सापडलं होतं.

वाडीतली चिमा आणि तिचा नवरा हिरू भातलावणीला आबाच्या शेतावर येत, तेव्हापासूनची ओळख. चिमाच्या गोष्टी सगळ्या वाडीला पाठ, तरी पुन्हा पुन्हा ऐकायला माणसं जमत. त्यातली खेकडीची गोष्ट धनेशच्या डोक्यात बसली. ओढ्याचं पाणी कुणीतरी चोरतं आणि एक लंगडी खेकडी त्याच्या मागावर निघते. धनेशनं ठरवलं, हिची फिल्म करायची. चित्रं माझी, गोष्ट चिमामावशीच्या तोंडची.

आता आमच्या भागात गोष्ट एकट्यानं सांगता येत नाही. सांगणारा एक आणि हुंकार देणारा एक. वाक्य संपलं की ऐकणाऱ्यानं "हूं" म्हणायचं, तेव्हा पुढचं वाक्य निघतं. हूं आला नाही तर सांगणारा थांबतो, कारण समोरचा झोपला असंल तर गोष्ट कुणाला सांगायची? चिमाला हुंकार द्यायचा हिरूनं. चाळीस वर्षं त्यानंच दिला. आणि खरं सांगायचं तर तो निम्मा झोपेतच द्यायचा. भिंतीला टेकून, डोळे मिटून, छातीतून निघालेला जड, ओलसर हूं. चिमा मुद्दाम त्याची परीक्षा घ्यायची.

"मंग खेकडी निंगाली."

"हूं."

"चिखलातनं चालली."

"हूं."

"आन तिनं ह्या म्हाताऱ्यासंग लगीन लावलं."

"हूं."

सगळी वाडी खो खो हसायची. हिरू दचकून डोळे उघडायचा आणि विचारायचा, "पानी घावलं का?"

भादव्यात एका दुपारी धनेशनं हे सगळं फोनवर टिपून घेतलं. वीस मिनिटांची गोष्ट. पत्र्यावर पाऊस, कोंबडा, भांड्यांचा आवाज, पोरांचं हसणं, सगळं त्यात आलं. मग त्यानं चित्रं सुरू केली, आणि चित्राच्या एका कोपऱ्यात हिरूबाबाला बसवलं, भिंतीला टेकून. कागदावर रकाने आखून एकेका हुंकाराची जागा मांडली, कितव्या चित्राला तोंड उघडतं, कितव्याला मिटतं. एकशे सात हुंकार होते. हिरूबाबाचं तोंड एकशे सात वेळा उघडायला धनेशचे दोन महिने गेले. सशाला त्यानं कधी एवढा जीव लावला नव्हता.

दिवाळीनंतर आवाज साफ करायचं त्यानं मनावर घेतलं. पाऊस फार होता. त्यानं गोष्ट दोन तुकड्यांत आवाज धुणाऱ्या वेबसाइटवर टाकली, कारण फुकटात एका वेळी दहाच मिनिटं धुऊन मिळत. गोल फिरलं. धुतलेले तुकडे आले, ते त्यानं जोडले, कच्चे तुकडे काढून टाकले आणि जोडलेली फाइल जुन्याच नावानं जुन्याच जागी ठेवली. या धंद्यात तशीच रीत आहे. फाइलचं नाव बदललं की फिल्ममधल्या साऱ्या जोडण्या तुटतात, आणि मग एकेक जोडत बसावं लागतं. म्हणून नवीन वस्तू जुन्याच्या अंगावर ठेवायची. जुनी तिच्याखाली नाहीशी होते. हात इतका सरावलेला होता, की त्यानं क्षणभरही विचार केला नाही. फोनमधली मूळ नोंद तर त्यानं दसऱ्यालाच काढून टाकली होती. जागा उरली नव्हती, आणि संगणकावर होतंच की.

पहिलं मिनिट त्यानं ऐकलं. गोष्टीची सुरुवात, देवाला नमन, त्यात हुंकार नसतोच. पाऊस गेला होता, चिमामावशीचा आवाज घासलेल्या तांब्यासारखा लख्ख. धनेश खूश झाला. तेवढ्यात मुंबईहून फोन आला, सशाची टोपी लाल करून हवी होती.

आठ दिवसांनी त्यानं सबंध फिल्म लावली. चिमा म्हणाली, "मंग खेकडी निंगाली." कोपऱ्यातल्या हिरूबाबानं तोंड उघडलं. आवाज नाही. "चिखलातनं चालली." तोंड उघडलं. आवाज नाही. ती वेबसाइट एकच माणूस ठेवते, जो जास्त बोलतो तो. बाकीचं सगळं तिच्या लेखी कचरा. पाऊस, कोंबडा आणि हिरू तिनं एकाच सुपात पाखडून टाकले होते.

धनेश घाबरला, पण फार नाही. म्हातारा काही लांब नव्हता. तासाभराची चढण. जाऊ आणि पुन्हा टिपून घेऊ. मात्र नाताळाचं काम आलं होतं, लाल टोपीचे चाळीस ससे. आज नको उद्या, या रविवारी नको त्या रविवारी. पौषात एका सकाळी आबा किटल्या न घेताच जिना चढून वर आला.

"हिरू गेला रं. दोन दिवस ताप हुता."

धनेश मातीला गेला. चिमाला भेटला आणि हुंकारांचा विषय न काढताच खाली उतरला.

माघात चिमा स्वतः खाली आली. डोक्यावरची मोळी अंगणात टाकली, नम्रतानं, म्हणजे धनेशच्या बायकोनं, दिलेला चहा प्याली आणि म्हणाली, "धनेशा, तुज्याकडं आमचा म्हातारा हाय. मला ऐकीव."

धनेश तिचा रिकामा कप उचलून आत निघाला.

"पोरं गोष्ट मागत्यात रं. मी सांगाया बसते. येक बोलनं हुतं आन तितंच आडते. हूं येत नाय, मंग मी पुढं कशी जाऊ? नातू देतो हूं, पन त्यो मदीच फोनमदी बगतो. म्हटलं म्हाताऱ्याचा ऐकला येकदा, तं गाडी सुटंल."

"मोठी फाइल आहे मावशी," धनेश म्हणाला. "काढायला दिवस लागतील."

"लागू दे. आट दिसांनी येते."

ते आठ दिवस धनेशनं ससा हलवला नाही. पुसलेलं परत आणणारी एक वेबसाइट त्याला सापडली. तिनं फोन उलटापालटा केला आणि चार हजार चित्रं परत आणली, सगळी सशांची. संगणकावर दुसरी लावली, तिनं जुनी बिलं आणली. आवाज धुणाऱ्या वेबसाइटला त्यानं पत्र लिहिलं. इंग्रजी आधी कच्चं लिहिलं, मग एका वेबसाइटवरून नीट करून घेतलं. पत्रात लिहिलं, की माणूस वारला आहे. दोन मिनिटांत उत्तर आलं. टाकलेल्या फाइली आम्ही एक दिवस ठेवतो, मग पुसतो. खाली पाच तारे होते आणि विचारलं होतं, आमच्या मदतीनं तुमचं समाधान झालं का? धनेश त्या ताऱ्यांकडे कितीतरी वेळ बघत बसला.

"हूंच तर आहे," नम्रता म्हणाली. "आबांकडून म्हणवून घ्या. त्या माउलीला तेवढंच बरं वाटेल."

धनेशला हे पटलं नाही. पण सातव्या दिवशी त्यानं आबाला माळ्यावर बसवून तोंडापुढे फोन धरला.

"हूं."

"असा नाही, आबा. झोपेतला."

"हूं."

"छातीतून."

"किती येळा करू रं? म्हैस झाल्यागत वाटाया लागलंय." आबानं फोन बाजूला सारला. मग म्हणाला, "हिरूचा हूं माज्या नाकातनं नाय यायाचा, पोरा. तू उगा खटपट करतोय."

तरी धनेशनं तेच हुंकार घेतले आणि कागदावरच्या रकान्यांप्रमाणे एकशे सात जागी बसवले. तोंड उघडतं तिथं हूं. चोख बसलं. कसबात त्याच्या काही खोट नव्हती.

आठव्या दिवशी चिमा जिना चढून आली. पडदा बघून तिनं पदर सावरला, जणू समोर माणसं बसली होती. धनेशनं फिल्म लावली. तिची स्वतःची गोष्ट सुरू झाली, खेकडी निघाली.

"हूं."

चिमाचा चेहरा हलला नाही. दुसरा हूं. तिसरा. मग तिनं हात वर केला. धनेशनं फिल्म थांबवली.

"ह्यो कोन?"

"मावशी..."

"म्हातारा कदी येवडा जागा नसायचा."

जिन्यात आबा उभा होता. तिथूनच म्हणाला, "मी हाय गं चिमे. मीच केलं."

चिमानं त्याच्याकडे पाहिलं नाही, ती धनेशकडे बघत होती. मग धनेशनं सगळं सांगितलं, पावसापासून लाल टोपीपर्यंत. "माझ्याकडून पुसला गेला, मावशी."

"पुसला म्हंजी कुटं गेला?"

"कुठं नाही. पुसला."

"तू पुसला?"

"मशीननं. तिला वाटलं..." तो अडखळला.

"काय वाटलं?"

"की हा आवाज कामाचा नाही."

खाली म्हशीनं दाव्याला हिसका दिला.

"कुनाची हाय ती मशीन?"

"माहीत नाही, मावशी."

"मंग भांडायचं कुनासंग?"

माझ्याशी भांड, असं धनेशला म्हणायचं होतं, पण ती भांडायला आलीच नव्हती. ती पडद्यावर थांबलेल्या चित्राकडे वाकून बघत होती. कोपऱ्यात हिरू बसला होता, भिंतीला टेकून, डोळे मिटून, तोंड अर्धं उघडं.

"ह्यो तं त्योच हाय," ती म्हणाली. "आबाचा आवाज काड. नुसता ह्याचा लाव."

"त्याचा नाहीये, मावशी."

"तोंड तं हालतंय."

धनेशनं आबाचे हुंकार काढले आणि फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली. चिमा जवळ सरकली. तिचा कान पडद्याला लागेल इतकी जवळ. हिरूनं तोंड उघडलं, मिटलं.

"बोलतोय रं. बारीक बोलतोय. आवाज वाढीव."

त्यानं आवाज वाढवला. चिमाचंच बोलणं खोलीत घुमू लागलं. हिरूनं तोंड उघडलं, मिटलं.

"आजून वाढीव."

आवाज पुरता वाढला होता. धनेशनं बटण तरीही दाबलं, आणि पुन्हा दाबलं.

"ह्या बाईला गप कर जरा," चिमा वैतागून म्हणाली. "किती बोलती. त्याला बोलू दे."

धनेशनं तिचा आवाज बंद केला. आता खोलीत संगणकाच्या पंख्याची घरघर तेवढी उरली. खेकडी चिखलातून चालली होती. कोपऱ्यात म्हातारा तोंड उघडत होता आणि मिटत होता, आणि चिमा कान देऊन बसली होती. धनेशला कागद न बघता माहीत होतं की अजून नव्वदच्या वर हुंकार बाकी आहेत. तिला मधे उठवणं त्याच्यानं झालं नाही.