टाकीच्या तोंडाशी

ज्येष्ठ भाषांतरकार झुबेदाताईंकडे मी प्रथम गेलो तो एक वाक्य मिरवायला. रोह्याच्या एका कारखान्याने सुरक्षेच्या पाट्यांचे भाषांतर मला दिले होते आणि कोश उघडून मी 'मर्यादित अवकाशात अनधिकृत प्रवेश निषिद्ध' असे दिमाखात लिहिले होते. पेणमधल्या त्यांच्या ओसरीवर दुपारचे ऊन पेंगत होते. ताईंनी डोळे मिटून ते दोनदा पुटपुटले. "छान आहे. पण सांगतोयस कोणाला?"

शब्द ठरवण्याआधी तो वाचणाऱ्याच्या अंगणात जाऊन बसायचे, ही ताईंची रीत. टाक्या धुणारे सोनूभाऊ रोह्याजवळच्या कातकरी वाडीतले. त्यांच्याकडे आम्ही कोरा चहा घेत बसलो. ताई स्वप्नात असल्यासारख्या ऐकत होत्या. सावल्या लांबल्या तरी उठायचे नाव नाही. जुन्या, झाकलेल्या विहिरीत दम कोंडतो, असे सोनूभाऊ सांगत होते. ताईंनी हलकेच म्हटले, "बंद विहीर." 'मर्यादित अवकाशा'च्या जागी तोच शब्द टाकीवरच्या पाटीवर गेला. कौतुक झाले. मी तर हरखलोच.

आठवड्याने सोनूभाऊ ताईंच्या ओसरीवर आले. "बाय, तुजी पाटी बेस हाय. उद्या टाकीत उतरायचाय. कंदील घेतलाय. इहिरीत आदी कंदील सोडतात ना? इझला तं उतरायचा नाय."

ताई ताडकन उभ्या राहिल्या. त्या टाकीतला वायू ठिणगीने पेटणारा होता. 'यांचाच गैरसमज' असे काहीतरी मी बोललो. त्याची आजही लाज वाटते. ताई म्हणाल्या, "शब्द मी दिला. त्याच्यामागून काय येईल, हे मीच विचारायला हवं होतं." तशाच रिक्षा करून त्या रोह्याला गेल्या, साहेबांसमोर चूक कबूल केली आणि पाटी स्वतःच्या हाताने उतरवली. नवी पाटी सोनूभाऊंना शेजारी बसवून लिहिली: 'कंदील, विडी, काडी नको. यंत्राने हवा तपासल्याशिवाय उतरू नये. एक माणूस टाकीच्या तोंडाशी उभा हवाच.'

ताईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी मी शेवटी 'शतायुषी व्हा' असे लिहिले आणि कानात तोच प्रश्न आला: सांगतोयस कोणाला? मग सोनूभाऊंनाच विचारले, तुम्ही काय म्हणाल? ते म्हणाले, "लिव. बाय, आमी टाकीत हाव तवर तू तोंडाशी उभी रव."

ताई, माझेही मागणे हेच. गुडघे जपा, औषधे चुकवू नका. आम्ही अजून आतच आहोत.