धप्पकाका

घरासमोर गाडी थांबली की धप्पकाका कधी खिडकीकडे बघत नसत. चहाचा कप हातातच धरून नुसता कान देत. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला की म्हणत, "पाटणकर आले. बायको रुसलेली दिसतेय, तिनं दार आपटलं." मिनिटभरानं दारात पाटणकर उभे, आणि मागे गाल फुगवलेल्या पाटणकरबाई. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावातल्या आम्हा मराठी मंडळींना या प्रकाराची इतकी धास्ती होती, की त्यांच्याकडे जाताना आम्ही नवरा-बायको आपलं भांडण गाडीतच मिटवून उतरायचो.

काका डेट्रॉइटच्या एका मोठ्या मोटार कंपनीत इंजिनिअर होते आणि उभ्या नोकरीत त्यांनी एकच गोष्ट केली, गाड्यांची दारं. बिजागऱ्या, कुलपं, कडेचं रबर. "इंजिनवाले ढीगभर आहेत," ते म्हणायचे. "पण गिऱ्हाईक शोरूममध्ये येऊन आधी काय करतं? दार उघडतं आणि लावतं. 'धप्प' वाजलं तर गाडी घरची वाटते. 'खण्ण' वाजलं की पत्र्याचा डबा." पोरांनी त्यावरून त्यांना धप्पकाका केलं, आणि तेच नाव मोठ्यांच्याही तोंडी बसलं. काकांना ते मनापासून आवडायचं.

अमेरिकन गाड्यांना कुणी नावं ठेवली की मात्र ते सरसावून बसत. माझ्या नवऱ्याला, मकरंदला, तर त्यांना डिवचल्याशिवाय जेवण जायचं नाही. "काका, जगात कोण घेतं हो तुमच्या गाड्या? पेट्रोल पितात, वळत नाहीत, चार वर्षांत खुळखुळा!" काका आधी कबूल करत. "केल्या आम्ही वाईट गाड्या. एके काळी लाज वाटावी अशा केल्या. पण बाबा, इथला रस्ता सरळ, माणूस ऐसपैस, पेट्रोल स्वस्त. शिंपी गिऱ्हाइकाच्या मापानंच शिवणार ना? तो सदरा घालून तू तुळशीबागेत फिरणार, वर म्हणणार ढगळ आहे!" मग आवाज उतरायचा. "आणि एकदा नापास झालेल्या पोराला जन्मभर नापासच म्हणायचं का रे?"

मी पडले नागपूरची, मला गप्प बसवत नाही. मी विचारलं, "पण काका, पोरगं पुन्हा परीक्षेला बसलं का?"

"बसलं गं. पेपर तपासायलाच कुणी तयार नाही."

त्यांच्या कारखान्याच्या आवारात दुसऱ्या कंपनीची गाडी लांब, पार मागच्या पार्किंग लॉटमध्ये लावावी लागे. काकांनी तोच नियम घरी लावला. अमेरिकन गाडी घरापुढच्या ड्राइव्हवेत, बाकी सगळ्या रस्त्यावर. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पैठणी नेसलेल्या, खाली बर्फाचे बूट घातलेल्या बायका रस्त्यावरून तोल सावरत यायच्या आणि काकू दारातून ओरडायच्या, "अहो, कुणाचं तरी कंबरडं मोडेल तुमच्या या गाडीच्या सोवळ्यापायी!" त्यांची नेहा इथेच जन्मलेली. ती खांदे उडवून म्हणायची, "बाबा, इट्स जस्ट अ कार." त्या दिवशी काकांचं जेवणात लक्ष नसायचं.

आमची सेकंडहँड जपानी गाडी कित्येक वर्षं रस्त्यावरच उभी राहिली. मग मला सातवा महिना असताना एकदा मोठा बर्फ पडला. आम्ही पोचलो तर काका स्वतः फावडं घेऊन ड्राइव्हवे साफ करत होते. आपली गाडी त्यांनी रस्त्यावर नेऊन लावली होती. मकरंदला हातानं खूण करत म्हणाले, "आत घे. बाई अवघडलेली असताना गाडीचं गोत्र बघायचं नसतं." मला गाडीतच रडू आलं. असा माणूस होता तो.

या माणसाच्या उरात एक काटा होता, तो मला काकूंकडून कळला. काकांचा धाकटा भाऊ सुधाकर, सांगलीला असतो. काकांच्या कंपनीनं भारतात गाडी आणली तेव्हा तिची दारं काकांच्या टीमनं केली होती. घरचे सगळे नको नको म्हणत असताना सुधाकरनं निव्वळ दादाच्या शब्दाखातर ती घेतली. गावभर दार लावून दाखवायचा म्हणे. पुढे कंपनीनं भारतातला गाशा गुंडाळला. एकेका पार्टसाठी सुधाकर दारोदार फिरला, पण दादाकडे ब्र काढला नाही.

मग त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. पाठवणीची गाडी कुठली, तर अर्थात तीच, फुलांनी सजवलेली. पोरगी रडून-भेकून आत बसली आणि गाडी सुरूच होईना. सगळी वरात बघतेय. शेवटी व्याह्यांनी पोरीला स्वतःच्या जपानी गाडीत बसवून नेलं. सुधाकरनं कार्यालयाच्या आवारातूनच ट्रॉयला फोन लावला. बिचारा हमसून रडत होता. आणि आमच्या काकांनी सगळं ऐकून घेऊन पहिला प्रश्न काय विचारावा? "शेवटचं सर्व्हिसिंग कधी केलं होतंस?"

पलीकडे फोन ठेवला गेला, तो ठेवलाच. त्यानंतर काका दर दिवाळीला फोन लावायचे. भावजय उचलायची, "हे बाहेर गेलेत" म्हणायची, आणि मागे सुधाकरचा खोकला ऐकू यायचा. आवाज ओळखणारा माणूस! त्याला काय कळत नव्हतं? मकरंदनं डिवचलं तरी काका आता वाद घालेनासे झाले. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाले, "गाडीची बाजू घेतली गं मी. भावाची घ्यायची होती."

गेल्या वर्षी त्यांना कॅन्सर निघाला, तोही फार उशिरा. दवाखान्यात राहायला त्यांनी साफ नकार दिला. मग त्यांचा पलंग पुढच्या खोलीत, खिडकीशी लावला. कोण आलं ते अजूनही दाराच्या आवाजावरून सांगायचे. दुसरं काही मागायचे नाहीत. रोज सकाळी फक्त विचारायचे, "सुधाचा फोन?"

शेवटी काकूंनी माझ्यासमोरच सुधाकरला फोन लावला. सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "वहिनी, इतकी वर्षं बोललो नाही. आता तो जायला निघाल्यावर कुठल्या तोंडानं बोलू?" आणि फोन बंद. मला असा संताप आला, वाटलं सांगलीला जाऊन याचं मानगूट धरावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या फोनवर त्याचा व्हॉइस मेसेज आला. मी तो काकांच्या कानाशी धरला. "दादा, सुधा बोलतोय. गाडी विकली नाही मी. पोरं म्हणतात भंगारात घाला. हात होत नाही. चालत नाही ती, शेडमध्ये आहे. पण हे ऐक." मग चपलांचा आवाज, बिजागरीची कुरकुर, आणि मग, धप्प.

"परत लाव," काका म्हणाले. मी लावला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, उशी भिजत होती. मग कान आणखी जवळ आणून ते पुटपुटले, "खालच्या कोपऱ्यातलं रबर गेलंय. सांग त्याला, पावसाचं पाणी शिरेल आत."

"अहो!" काकू रडता रडता कडाडल्या. "भाऊ बोलला तुमच्याशी, आणि तुमचं पुन्हा रबरच?"

काका चपापले. त्यांनी खूण केली, तशी मी रेकॉर्डिंग सुरू करून फोन त्यांच्या तोंडाशी धरला. एकेक शब्द गोळा करत म्हणाले, "सुधा, पोरीच्या पाठवणीला तू रडत होतास, आणि मी सर्व्हिसिंग विचारलं. चुकलो रे. माफ कर." मी फोन काढून घेणार, तोच पुन्हा ओठ हलले. "आणि तेवढं रबर बदल."

त्याच आठवड्यात काका गेले. त्या दिवशी सगळं मराठी ट्रॉय लोटलं होतं. गाड्यांची रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली होती आणि ड्राइव्हवेत फक्त काकांची गाडी. नेहा बाहेर येऊन मोडक्या मराठीत सगळ्यांना सांगत होती, "प्लीज, आत पार्क करा ना. कोणी काय नाही बोलणार." बोलता बोलता तिचाच बांध फुटला. गाडी मात्र कुणीच आत आणली नाही.

तेराव्यानंतर मी काकूंजवळ बसले होते, तेव्हा सांगलीहून पुन्हा व्हॉइस मेसेज आला. "वहिनी, कोल्हापूरला तसलं रबर मिळालं. काल बसवलं. दादाला ऐकवायचं होतं..." मग दार लागलं.

जन्मभर 'काय ते मेलं दार' म्हणून वैतागलेल्या काकूंनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. "परत लाव गं," त्या म्हणाल्या. मी लावला. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"हं," म्हणाल्या, "आता नाही शिरायचं पाणी."